तू सांग, मी लिहिते

प्रिय राजा,

काल रात्री तू वही मिटून झोपायला गेलास आणि मला माझंच बोलणं खात राहिलं. "उत्तर कुठून बघून लिहिलंस?" असं मी विचारायला नको होतं. ते तू तोंडी केलं होतंस. चुकले मी.

नंतर ते गणित मी स्वतः काढून बघितलं. ३(क्ष − ४) − २(क्ष − ७) = ९. खाली तुझी एकच ओळ, क्ष = ३५. उत्तर येतं ७. एवढा फरक पडला कुठे, हे शोधायला मी मुद्दाम एकेक चूक करून पाहत बसले. बऱ्याच वेळाने सापडली. वजा २ गुणिले वजा ७ म्हणजे अधिक १४, तू वजा १४ धरलेस. बाकी सगळं बरोबर. कंस सोडवलेस, क्ष एका बाजूला आणलास, आकडेमोडही चोख. तुला इतकं येत होतं आणि वहीत त्यातलं काहीच दिसत नव्हतं, याचं मला फार वाईट वाटलं.

"डोक्यात येतं ना, मग लिहायचं कशाला?" असं तू म्हणतोस. तुझं डोकं हाताच्या पुढे पळतं, लिहिता लिहिता पुढचं निसटतं आणि मग तू चिडतोस, हे मी पाहिलंय. साध्या बेरजेला रीत दाखव असं मी कधीच म्हणणार नाही. पण एका वेळी डोक्यात मोजक्याच गोष्टी मावतात, मोठ्यांच्याही. दोन कंस आणि इतके वजा एकदम धरून ठेवायचे म्हटलं की एखादं चिन्ह सुटतंच.

रामानुजन पाटीवर गणितं करायचे, कारण कागद परवडत नसे. कोपराने पाटी पुसायचे आणि वहीत बहुतेक वेळा नुसते निष्कर्ष उतरवायचे. १९२० साली ते गेले. पुढे ब्रूस बर्न्ट या गणितज्ञाने त्या वह्यांतले निष्कर्ष एकेक करून तपासले. त्याचे पाच खंड निघाले, १९८५ ते १९९८ या काळात. निष्कर्ष बहुतेक सगळे खरे निघाले. पण रामानुजन तिथवर कसे पोहोचले, ते पाटीबरोबरच पुसलं गेलं. मला राहून राहून त्या पाटीची हळहळ वाटते.

म्हणून माझं एक ऐकशील? रोज दोनच गणितं आपण मिळून करू. तू बोलायचंस, मी लिहायचं. तू म्हणशील तेच लिहीन, मध्ये एक शब्द बोलणार नाही. चुकलं तर खोडायचं नाही, नुसती आडवी रेघ मारायची, म्हणजे काय झालं होतं ते दिसेल. सवय झाली की पेन तुझ्याकडे, आणि तेव्हाही जिथे कंस सुटतो किंवा चिन्ह बदलतं तेवढीच ओळ लिही. बाईंशी मी बोलते.

संध्याकाळी पहिलं कालचंच घेऊ. कोरा कागद तुझ्या टेबलावर ठेवलाय.

तुझी,
आई