फोन चालू ठेव

चि. ओंकार,

समोर बसून बोलायला लागलो की माझा आवाज चढतो, म्हणून लिहून ठेवतोय. चिठ्ठी सॅकच्या वरच्या कप्प्यात आहे. आईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाली ठेवली आहे, गुडघ्याचा पट्टाही. पहाटे माउलींबरोबर सासवडला निघतोस, नीघ. अडवणार नाही. फक्त फोन चालू ठेव.

सोमवारी 11 वाजता सीईटीचा निकाल लागला. 12 वाजता तुला फोन केला, बंद. 1 वाजता बंद. आई तर दर पाच मिनिटांनी लावत होती. शेवटी दुकानाचं शटर ओढलं आणि नाना पेठेकडे निघालो. पुढे गाडी सोडत नव्हते, मग चालतच. तुकोबांची पालखी निवडुंग्या विठोबाला यायला अवकाश होता, पण दिंड्यांचे ट्रक आधीच येऊन लागले होते.

तुला हे सांगितलं नाही, पण मी तुला पाहिलं. शाळेच्या ओट्यावर एका म्हाताऱ्या माळकऱ्याची टाच मांडीवर घेऊन बसला होतास. भेगांत माती भरलेली. ती आधी ओल्या फडक्याने पुसलीस, मग तेल लावलंस. ते काहीतरी सांगत होते आणि तू हसलास. निकाल तू सकाळीच मित्राच्या मोबाइलवर पाहिला होतास, हे रात्री तूच म्हणालास. म्हणजे ते 84 पर्सेंटाइल पोटात ठेवून तू तिथे बसला होतास. माझे पाय लटपटत होते. थोडा वेळ भिंतीला टेकून उभा राहिलो आणि हाक न मारता परत आलो.

आणि रात्री तुलाच म्हणालो, पाय चेपून पर्सेंटाइल वाढत नाहीत. हे मी बोलायला नको होतं. तू ताटावरून उठलास तो माझ्यामुळे.

84 म्हणजे शंभरातले 84 जण तुझ्या मागे, मार्क नव्हेत, हे मला प्रसादने समजावलं. तरी सीओईपी कॉलेजचं कॉम्प्युटर आता डोक्यातून काढावं लागेल. कॅपचा, म्हणजे प्रवेशफेरीचा, ऑप्शन फॉर्म भरताना नुसतं कॉलेजचं नाव बघू नकोस, ब्रँच बघ. डोमिसाइलची मूळ प्रत शोधून फाइलला लाव, ऐनवेळी धावाधाव होते. पुन्हा सीईटी द्यायची असेल तर दे, पण मग सकाळी 9 पर्यंत लोळणं बंद, ते रात्रीचं रील बघणं बंद, आणि... सुरू झालो बघ पुन्हा. राहू दे. तू आल्यावर निवांत बोलू.

फोनचं मी इतकं का धरून बसतो, ते सांगायला हवं. तुझ्या सुधीरकाकाचा निकाल लागला त्या दिवशी आमच्याकडे फोनच नव्हता. नाना रात्रभर वाड्याच्या दारात उभे होते. मी सायकलवर लकडी पुलापासून संगमापर्यंत नदीकाठ दोनदा पालथा घातला. पुढचं तुला शैलाआत्याने कधीतरी सांगितलं असेल. मला ते बोलता येत नाही.

तू सुधीर नाहीस. सोमवारी ते मी डोळ्यांनी पाहिलं. तरी तुझा फोन बंद लागला की मी त्या नदीकाठावर जाऊन पोचतो.

नाना दरवर्षी हडपसरपर्यंत चालायचे. तिथे माउली दिवे घाटाच्या वाटेला लागतात, तुकोबा लोणी काळभोरकडे. नाना मला खांद्यावर घेऊन दोन्ही वाटांना हात जोडायचे. सुधीरनंतर गेले नाहीत, मीही कधी गेलो नाही. आपल्या घरातून इतक्या वर्षांनी कोणी घाट चढतंय. आई शेजारी सांगून आली, मी दुकानात सांगितलं.

पाणी पीत राहा. चपला चावल्या तर लगेच काढ, फोड येऊ देऊ नकोस. परत यायला एसटी मिळाली नाही तर कितीही उशीर होऊ दे, मी गाडी घेऊन येईन. पॉवर बँक चार्ज करून सॅकमध्ये टाकली आहे.

घाट चढून वर पोचलास की एक मिस्ड कॉल दे. बोलायचं नसेल तर बोलू नकोस. मी उचलणार नाही, नुसता वाजू दे.

बाबा