खुर्ची खिडकीकडे वळवणाऱ्या भाऊंना

भाऊ,

तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कंत्राटी माणसाचं कौतुक जाहीर झालं की ते नेमकं नको त्याच्या डोळ्यांत खुपतं, हे ज्युनिअर कॉलेजात इतकी वर्षं काढल्यावर मला चांगलं ठाऊक आहे. विद्यापीठाच्या टेबलावर तुम्ही माझ्या लॅपटॉपला आणि फोनला तिथलं वायफाय जोडून दिलंत, त्याचे आभार तोंडीच मानायचे होते. पण त्या दिवशी रावेरची एसटी धरायची होती आणि खरं सांगायचं तर गळाही दाटून आला होता. वायफाय जोडलं म्हणून कुणी रडतं का, असं तुम्हाला वाटायला नको म्हणून पिशवी उचलून तशीच निघाले.

वायफाय म्हटलं की लोकांना रील्स आठवतात. माझी पीएचडी केळीवरच्या कुकुंबर मोझॅक विषाणूवर आहे. रावेर-यावल भागात हा रोग म्हणजे काय, ते ज्याने हाताने रोपं उपटून बांधावर टाकली त्यालाच विचारा. मावा किडीतून हा विषाणू कसा पसरतो, यावर बाहेर काय छापून येतंय ते वाचल्याशिवाय माझं पान पुढं सरकत नाही. आणि ती नियतकालिकं विकत घ्यायची तर पगार पुरायचा नाही. म्हणून जानेवारी 2025 मध्ये केंद्र सरकारची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना सुरू होऊन 30 प्रकाशकांची जवळपास 13,000 नियतकालिकं विद्यापीठांना खुली झाली, तेव्हा मी घरी पेढे आणले होते. पेढे संपले, नियतकालिक काही उघडेना. विद्यापीठाच्या नेटवर्कवरून सगळं मिळतं म्हणे, पण ते नेटवर्क माझ्या लॅपटॉपला आत घेईल तर ना!

तुमच्याआधी ज्यांच्याकडे गेले त्यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. एकाने लॅपटॉपकडे पाहिलं (भाच्याने वापरून दिलेला आहे, कडेला चिकटपट्टी आहे) आणि “मॅडम, नवा घ्या” म्हणून मोकळा झाला. दुसऱ्याने मान वर न करता भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवलं. त्या कागदावर लिहिलंय की सर्टिफिकेटच्या रकान्यात ‘डू नॉट व्हॅलिडेट’ निवडा, म्हणजे नेटवर्कचं ओळखीचं प्रमाणपत्र तपासूच नका. माझ्या फोनमध्ये तो पर्यायच नाही. पुढे तुम्ही सांगितलंत की अँड्रॉइड 11 च्या वेळी, डिसेंबर 2020 पासून, गुगलने तो काढायला घेतला, कारण तो मुळातच धोक्याचा होता. कागद मात्र अजून भिंतीवरच आहे, वर नवी सेलोटेप लावून.

तिसऱ्याने कहर केला. टेबलाभोवती पोरं उभी, आणि हा मोठ्याने म्हणतो, “पासवर्ड सांगा मॅडम. जन्मतारीखच असेल ना?” पोरं हसली. मी वर्गात ज्यांना शिकवते त्यांच्यापेक्षा जेमतेम मोठी पोरं. समोर एक रजिस्टर उघडं होतं आणि त्यात लोकांच्या नावापुढे त्यांचे पासवर्ड निळ्या पेनाने लिहिलेले होते. कुणीही वाचावेत असे. मी काही न बोलता परत फिरले.

तुमच्याकडे आले ती आधीच तोंड पाडून. तुम्ही स्टूल पुढे ओढलंत आणि म्हणालात, “बठा ताई, व्हई जाई.” आमच्या रावेरकडची बोली निराळी, तुमची धुळ्याकडची अहिराणी. पण त्या टेबलावर मला पहिल्यांदाच कुणी बसायला सांगितलं होतं.

मग तुम्ही लॅपटॉपच्या कोपऱ्यातली तारीख पाहिलीत. 2015! मी तो घरी टायपिंगपुरता वापरायची, त्या कोपऱ्याकडे कोण बघतं? तुम्ही मात्र तिथेच बोट ठेवलंत. आतला नाण्याएवढा सेल संपलाय, म्हणून बंद केला की घड्याळ मागे जातं. विद्यापीठाचा सर्व्हर आपली ओळख म्हणून जे प्रमाणपत्र दाखवतो ते अलीकडचं, मग 2015 मध्ये बसलेल्या लॅपटॉपला ते अजून लागूच झालेलं नाही, आणि तो जोडून घ्यायला नकार देतो. म्हणजे लॅपटॉप शहाणपणानेच वागत होता. आणि सल्ला काय, तर नवा घ्या! 2032 नंबरचा सेल तुम्ही तुमच्या खणातून काढून बसवलात. पैसे विचारले तर हात झटकलात.

पण सेलसाठी मी हे पत्र लिहीत नाही.

तारीख लागली, पडद्यावर चौकट आली. मी सवयीने पासवर्ड सांगायला तोंड उघडलं, तर तुम्ही हाताने थांबवलंत. “मलासुद्धा सांगायचा नाही ताई. तुम्हीच टाका.” आणि तुमची ती करकरणारी खुर्ची तुम्ही पूर्ण खिडकीकडे वळवलीत. पाठ माझ्याकडे. चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसायला लागलात. मला टाइप करायला वेळ लागतो, त्यात ते मोठं अक्षर, ते चिन्ह. एकदा चुकलं, पुन्हा टाकलं. तुम्ही मागे वळला नाहीत, “झालं का?” विचारलं नाहीत. चष्मा किती पुसायचा माणसाने! मी “झालं” म्हटलं तेव्हाच खुर्ची फिरली.

फोन जोडताना तुम्ही त्याचं कारणही सांगितलंत. कॅन्टीनजवळ बसून कुणीही विद्यापीठाच्याच नावाचं वायफाय चालू करू शकतो. प्रमाणपत्र न तपासणारा फोन बिनदिक्कत त्याला जाऊन चिकटतो आणि पासवर्ड चोराच्या हाती लागायची वाट मोकळी होते. नुसत्या एसटीसारख्या रंगावर भुलून कुठल्याही गाडीत चढायचं नाही, असं तुम्ही म्हणालात. तेव्हा कुठे मला उमगलं की भिंतीवरचा तो कागद इतकी वर्षं लोकांना नेमकं तेच करायला सांगतोय.

भाऊ, हुशार माणसं मी पुष्कळ पाहिलीत, त्यांच्यासमोर आपण बावळट ठरतो अशीच बहुतेक. ज्याला येतं त्याने ज्याला येत नाही त्याची लाज राखावी, एवढं साधं वागणं हल्ली बँकेच्या खिडकीपासून तहसीलपर्यंत दुर्मीळ झालंय. तुमच्या वयाच्या मुलाला ते कुणी शिकवलं असेल, तुमच्या आईने बहुतेक. त्यांना माझा नमस्कार सांगा. आणि हिवाळ्यात भरताची वांगी निघाली की कळण्याच्या भाकरीसह डबा तुमच्या टेबलावर येणार आहे, तेव्हा हात झटकायचा नाही.

एक काम राहिलंय. तो कागद काढून नवा लावावा आणि ते रजिस्टर नष्ट करावं, असा अर्ज मी लिहिलाय. बरोबरच्या संशोधक बायकांनीही सह्या दिल्यात. त्यात तुमचा उल्लेख नाही, काळजी नसावी. नव्या कागदाचा मसुदा अर्जालाच जोडते, नाहीतर “बघू” म्हणून फाइल पडून राहील. फोनमध्ये डोमेनच्या, म्हणजे विद्यापीठाच्या सर्व्हरच्या नावाच्या, रकान्यात तुम्ही जे नाव टाकलंत ते मला नीट वाचता आलं नव्हतं. तेवढं एका चिठ्ठीवर लिहून ठेवा. सोमवारी येतेच आहे.

तुमची,
रावेरची केळीवाली ताई