सतरंजीवर मांडलेले ड्रम्स

आदरणीय सर,

परवा माझ्या मुलीने पहिल्यांदाच लोकांसमोर ड्रम्स वाजवले. कार्यक्रम संपल्यावर आपले आभार मानायला आले खरी, पण गळा दाटून आला आणि एक शब्दही बोलता आला नाही. म्हणून हे पत्र लिहिते आहे, आणि मुद्दाम सर्वांसाठी खुले लिहिते आहे.

तिचा उजवा पाय लहानपणापासून अधू आहे. आपल्याकडे येण्यापूर्वी आम्ही तीन क्लासचे उंबरठे झिजवले. बेस ड्रमचे (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचे) पेडल दाबता येत नसेल तर हे वाद्य विसरा, असे एकाने तिच्यादेखत सांगितले. दुसऱ्यांनी गाण्याच्या क्लासचा पत्ता दिला. तिच्या हातात स्टिक्स देऊन "वाजव बघू" असे मात्र तिघांपैकी कोणीही म्हटले नाही, आणि ते मला अजून सलते.

आपण काहीच विचारले नाही. स्टूल उचलून भिंतीशी ठेवले, सतरंजी अंथरली, स्वतः तिच्यासमोर मांडी घालून बसलात आणि सिम्बलचे, म्हणजे झांजांचे, स्टँड एकेक करून तिच्या खांद्यापर्यंत खाली आणलेत. मग सहज म्हणालात, "त्रिलोक गुर्टूसुद्धा स्टूल घेत नाहीत." सर, त्या क्षणी तिचा चेहरा कसा उजळला, ते आपण स्टँड आवळण्याच्या नादात पाहिले नसेल.

१९५१ साली मुंबईत जन्मलेला, ठुमरीगायिका शोभा गुर्टू यांचा हा मुलगा, त्रिलोक, आधी तबला शिकला, मग जॅझ ट्रम्पेटवादक डॉन चेरी यांच्यासोबत वाजवू लागला, 'ऑरेगन' या अमेरिकी वाद्यवृंदातले तालवादक कॉलिन वॉलकॉट १९८४ साली अपघातात गेल्यावर त्या चमूत आला आणि पुढे गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिन यांच्या त्रयीत जगभर गाजला. ते जमिनीवर अर्धवट गुडघे टेकून, तबला आणि ड्रम्स एकाच मांडणीत घेऊन, भर कार्यक्रमात झांजा पाण्याच्या बादलीत बुडवून त्यांचा नाद वाकवत. पहिल्या स्वतंत्र अल्बममध्ये त्यांनी आईलाच गायला बसवले, हे आपण सांगितलेत तेव्हापासून माझी मुलगी मलाही तालाला बसवते.

अमेरिकी जॅझ ड्रमर केनी क्लार्क यांची गोष्टही तिला तोंडपाठ आहे: १९४० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये त्यांनी बेस ड्रमवर प्रत्येक मात्रा ठोकण्याची रीत सोडली, ठेका उजव्या हाताने राइड सिम्बलवर (सतत ठेका धरणाऱ्या मोठ्या झांजेवर) नेला आणि पायाकडे अधूनमधून येणारे आघात तेवढे ठेवले. आमच्या मुलीचे ते आघात आपण डाव्या हाताकडे, फ्लोअर टॉमवर (जमिनीवर उभ्या, हाताने वाजवायच्या ड्रमवर) दिलेत. तडजोड केल्यासारखे तिला एकदाही वाटू दिले नाहीत. इतका साधा सभ्यपणा मला फार थोड्या माणसांत दिसला आहे.

तिच्या उंचीची खूण म्हणून आपण स्टँडवर चिकटवलेली पांढरी पट्टी या वर्षात दोनदा वर सरकली. शनिवारी येऊ तेव्हा ती पुन्हा सरकवावी लागेल, असे दिसते.

आपली कृतज्ञ,
एका विद्यार्थिनीची आई