बोटीवरच्या जेवणाविषयी विनायकास

टिळकवाडी, बेळगाव
18 जानेवारी

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

तुझे निपाणीहून धाडलेले पत्र परवा मिळाले. चिरंजीवाने तुम्हा उभयतांसाठी बार्सिलोनाहून सुटणाऱ्या जहाजाची तिकिटे काढली, हे वाचून फार आनंद झाला. तुझा प्रश्न वाचून मात्र हसू आले. पुस्तिकेत एका जगप्रसिद्ध शेफचा फोटो आहे, जहाजावर त्याच्या नावाचे स्वतंत्र रेस्टॉरंट आहे, तर 'ते गृहस्थ रोज स्वतः रांधतात का, आणि हिला साधा वरण-भात करून देतील का,' असे तू विचारतोस. बारा वर्षे मी जहाजांच्या गॅलीत, म्हणजे स्वयंपाकघरात काढली आणि त्यांतली शेवटची चार अशाच एका नामवंताच्या पाटीखाली, तेव्हा याचे उत्तर मी नाही तर कोण देणार?

ते गृहस्थ रांधत नाहीत. चार वर्षांत मी आमच्या नामवंतांना दोनदा पाहिले. दोन्ही वेळा ते पांढऱ्या स्वच्छ कोटात चार दिवसांसाठी आले, प्रवाशांबरोबर फोटो काढून घेतले, एक प्रात्यक्षिक दाखवले आणि पुढच्या बंदरावर उतरून गेले. यात फसवणूक आहे, असे मात्र समजू नकोस. त्यांची माणसे जमिनीवरच्या स्वयंपाकघरात प्रत्येक पदार्थ पुन्हा पुन्हा करून पाहतात, ग्रॅममध्ये वजने ठरवतात, ताटलीचा फोटो काढतात आणि ते सारे कागद जहाजावर पाठवतात. आमच्या पासवर, म्हणजे तयार ताटल्या वाढप्यांच्या हाती जातात त्या कट्ट्यावर, असे फोटो चिकटपट्टीने लावलेले असत. कोंबडीच्या एका पदार्थाचा फोटो मला अजून दिसतो : वाफेने त्याचे कोपरे वळले होते, आणि सॉसचा ठिपका घड्याळात सात वाजतात त्या जागी, 30 ग्रॅमच्या डावाने, एवढाच. तो ठिपका आठच्या जागी पडला म्हणून एका कॉमीला, म्हणजे सर्वांत खालच्या पायरीवरच्या स्वयंपाक्याला, ताटली पुसून पुन्हा लावायला सांगितलेले मी पाहिले आहे.

ही पद्धत काही आजची नाही. 1905 मध्ये 'अमेरिका' नावाच्या जर्मन जहाजावर रिट्झ-कार्लटन या हॉटेलच्या नावाचे रेस्टॉरंट निघाले आणि त्यामागे एस्कोफिएसारखा नामांकित फ्रेंच शेफ उभा होता. आपल्या काळात पाहायचे तर 2003 मध्ये क्रिस्टल कंपनीच्या जहाजावर जपानी शेफ नोबू मात्सुहिसा आले, आणि त्याच वर्षी ओशियानिया या जहाज कंपनीने शेफ जाक पेपँ यांना जोडून घेतले, जे एके काळी फ्रान्सचे नेते दगॉल यांचे स्वयंपाकी होते. आपल्या जमशेदपूरचे शेफ अतुल कोच्चर, ज्यांना 2001 मध्ये लंडनमध्ये मिशेलिन तारा, म्हणजे रेस्टॉरंटांना मिळणारा मोठा मान, मिळाला, त्यांच्या नावाने पी अँड ओ कंपनीच्या जहाजांवर 'सिंधू' हे रेस्टॉरंट चालले. सीबर्न कंपनीच्या जहाजांवर 2016 पासून अमेरिकी शेफ टॉमस केलर यांचे 'ग्रिल' होते. 2024 मध्ये तो करार संपला आणि त्या जागी 'सोलिस' नावाचे रेस्टॉरंट आले. या शेवटच्या बातमीवर मी बराच विचार केला. पाटी उतरली म्हणून चुलीपुढची माणसे काही एका रात्रीत निराळी होत नाहीत.

चूल म्हणालो खरा, पण चूल तिथे नसतेच. समुद्रात आगीइतके मोठे संकट दुसरे नाही, म्हणून गॅलीत उघडी ज्योत चालत नाही आणि सारे विजेच्या शेगड्यांवर होते. शेफच्या शहरातल्या रेस्टॉरंटमध्ये लाकडाच्या निखाऱ्यावर भाजलेला जो मासा लोक दूरदूरहून येऊन खातात, तो जहाजावर आणताना कृतीच बदलावी लागते, आणि धुराचा वास निराळ्या युक्तीने आणावा लागतो. त्यातच अमेरिकी बंदरांना लागणाऱ्या जहाजांच्या स्वच्छतेची तपासणी फार कडक. 100 पैकी 85 गुण मिळाले तरी जहाज नापास. गरम पदार्थ 57 अंशांच्या खाली आणि थंड पदार्थ 5 अंशांच्या वर राहता कामा नये. हा नियम चांगलाच आहे, पण गरम पेटीत ठेवलेली कुरकुरीत कातडी मऊ पडते आणि तिथे शेफच्या नावाचा काही इलाज चालत नाही.

आता प्रवाशांविषयी. मोठ्या जहाजावर अशा नामांकित रेस्टॉरंटसाठी बहुधा वेगळे पैसे मोजावे लागतात, तर तुमच्यासारख्या महागड्या जहाजावर ते भाड्यातच धरलेले असते. परिणाम एकच होतो : माणूस जेवायला न बसता परीक्षेला बसतो, परीक्षक म्हणून. एका संध्याकाळी एका वृद्ध जोडप्याने कोंबडी परत पाठवली. मीठ कमी-जास्त नव्हते, ती कच्चीही नव्हती. पंधरा वर्षांपूर्वी लग्नाच्या वाढदिवसाला त्यांनी त्याच शेफच्या हातची जी कोंबडी खाल्ली होती, तशी ती नव्हती, एवढेच. मी बाहेर जाऊन क्षमा मागितली. त्या बाई सौम्यपणे म्हणाल्या, 'चूक तुमची नाही, पण आम्हाला वाटले ते येथे असतील.' मुकादमी करणाऱ्या आमच्या वरिष्ठाने मात्र त्या परतीची नोंद माझ्या नावावर घातली, शेफच्या नाही. तो सल अजून आहे, हे तुझ्यापाशी कबूल करतो.

गेल्या महिन्यात शहापुरात एका लग्नात मांडे होते, आणि मी जेवण सोडून मागच्या पडवीत जाऊन उभा राहिलो. मांडे करणाऱ्या बाईंनी सारण भरलेली पोळी दोन्ही हातांवर नाचवत कोपरापर्यंत पातळ केली, उपड्या खापरावर टाकली, आणि गरम असतानाच घडी घातली. वेलदोड्याचा वास, तूप, खसखस, सगळे एका दमात. पंगतीत प्रत्येक जण 'मांडे कोणाचे?' असे विचारत होता आणि उत्तर म्हणून पडवीकडे बोट दाखवता येत होते. जहाजावर ते बोट कोणाकडे दाखवायचे, हाच सारा घोळ आहे. तरीही त्या नावाचा आम्हाला उपयोग झाला, हे न सांगणे अन्यायाचे होईल. कांदा कापण्यापासून रस आटवण्यापर्यंत जी शिस्त मला लागली ती त्या कागदांनीच लावली, आणि आज माझ्या खानावळीत आमटी सोमवारी आणि शनिवारी एकाच चवीची होते, ती त्यामुळेच.

वहिनींच्या वरण-भाताचे सांगतो. चिरंजीवाला सांगून जहाज सुटण्याच्या बऱ्याच आधी कंपनीला लेखी कळव. केवळ 'शाकाहारी' लिहून भागणार नाही. अंडे, मासा, मांसाचे पाणी, जिलेटिन यांपैकी काहीच नको, असे एकेक नाव घेऊन लिही, कारण तिकडच्या शाकाहारी सूपात कोंबडीचे पाणी सापडू शकते. चढल्यावर पहिल्याच रात्री मुख्य वाढप्याला गाठ आणि उद्याच्या जेवणाविषयी आजच बोलून ठेव. नामांकित रेस्टॉरंटमध्ये कागदाबाहेरचे काही मागू नकोस, तिथे स्वयंपाक्याचे हात बांधलेले असतात. मोठ्या भोजनगृहात माग, तिथे डाळ शिजवणारा कोणी ना कोणी असतोच. जहाजांवर गोव्याची माणसे पुष्कळ भेटतात, आणि खानापूरकडचा एखादा भेटला तर विचारूच नकोस, वरणाला लसणीची फोडणीही मिळेल.

कुंदा नेण्याचा विचार मात्र सोडून दे. युरोपात सामानातून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत आणि विमानतळावर तो टाकून देताना तुलाच वाईट वाटेल. येताना शेवटच्या रात्रीचे मेनूकार्ड माझ्यासाठी आण, आणि जमल्यास त्यावर शेफची नव्हे, तर त्या रात्री पासवर उभ्या असलेल्या माणसाची सही घे. तो आधी चमकेल, मग हात पुसून करील.

वहिनींना नमस्कार, चिरंजीवास आशीर्वाद.

तुझाच,
दत्ता