बाय, तुझ्या पहिल्या चॅप्टरबद्दल

बाय,
काल फोनवर तू कुरकुरलीस की केमिस्ट्रीचं पुस्तक उघडलं आणि पहिल्यालाच निरीक्षण, गृहीतक, प्रयोग, निष्कर्ष हे रडगाणं, धूर नाही की रंग नाही. म्हणून हे लिहितोय, व्हॉट्सॲपवर एवढं मावलं नसतं.

माझ्या बाइकची चेन या पावसात परत गंजली. आजी म्हणाली, मांद्र्याच्या समुद्राचा खारा वारा, दुसरं काय. ते खरं का बघायला मी चार बाटल्यांत चार सारखे खिळे टाकले. एकीत नळाचं पाणी, दुसरीत मीठ घातलेलं, तिसरी कोरडी, त्यात बुटाच्या खोक्यातली ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी आणि घट्ट झाकण, चौथीत उकळलेलं पाणी आणि वर खोबरेल तेल. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, सगळी मेख तिथेच. चार दिवसांत मिठाचा खिळा सगळ्यात वाईट गंजला, पण बिनमिठाचाही गंजलाच, म्हणजे मीठ फक्त घाई करतं. कोरडा तसाच चकचकीत.

आणि चौथा? तोही गंजला! पुस्तकाप्रमाणे गंजायला नको होता, कारण उकळल्यावर पाण्यातली हवा जाते आणि तेल नवी हवा आत येऊ देत नाही. मग आठवलं, तेल मी दुसऱ्या दिवशी ओतलं होतं, तोवर पाण्यात हवा परत विरघळलेली. वहीत मात्र जसं झालं तसंच लिहिलं. अकरावीत मी टायट्रेशनची, म्हणजे थेंबथेंब द्रव ओतून आम्ल किती ते मोजायच्या प्रयोगाची, रीडिंगं शेजाऱ्याच्या वहीतून जुळवायचो, तीनही अगदी सारखी, मार्क पूर्ण मिळाले आणि त्यात घालतात ते रंग बदलणारं फिनॉल्फथॅलिन गुलाबी का होतं ते मात्र कित्येक वर्षं कळलं नाही. तू नको तसं करूस.

पूर्वी मोठमोठे लोक मानायचे की जळताना वस्तूतून फ्लॉजिस्टन नावाचं काहीतरी बाहेर पडतं. मग धातू भाजल्यावर जड का होतो? लव्हाझिए या फ्रेंच केमिस्टने 1774 मध्ये बंद भांड्यात कथील तापवलं, सगळं मिळून वजन तेवढंच राहिलं, भांडं उघडल्यावर हवा आत शिरली आणि तेव्हा कुठे वजन वाढलं. तराजू होता म्हणून कळलं, नुसत्या वादावादीत नाही.

आता तू सांग, गंजलेला खिळा हलका होतो की जड? आधी अंदाज लिही, मग लॅबच्या तराजूवर बघ, आपला किचनवाला एक ग्रॅमखाली काही दाखवत नाही. आजी अजून खाऱ्या वाऱ्यावरच अडून आहे, आणि अर्धं तिचं बरोबरही आहे. गणपतीच्या चवथीला आलीस की चौथी बाटली परत लावू, तेल तू ओत, वेळेवर.

बाबा