नेरुदोवा रस्त्यावरच्या आजींना

प्रिय आजी,

तुमचं नाव मला माहीत नाही. स्टेशनवर विचारलं, तर तुम्ही हात झटकलात आणि गाडी सुटेल म्हणून मला डब्याकडे ढकललंत. त्यामुळे पत्र पाठवायचं कुठे, हा प्रश्नच आहे. पण न लिहिता राहवत नाही आणि मनातलं मला मराठीतच नीट लिहिता येतं, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. प्रागमध्ये एखादं मराठी बिऱ्हाड तुमच्या शेजारी असेल, तर त्यांनी तुम्हाला हे वाचून दाखवावं.

जर्मनीत ड्रेस्डेनला शिकणाऱ्या आम्हा मुलांसाठी प्राग म्हणजे शनिवार-रविवारचं हक्काचं ठिकाण. नदीच्या काठाकाठानं जाणारी अडीच तासांची गाडी, की पोचलं. त्या शनिवारी मी एकटीच आले होते. नोव्हेंबरची भुरभुर चालू होती. किल्ला बघून नेरुदोवानं खाली उतरत होते आणि त्या ओल्या फरसबंदीवरून पाय सटकला. घोट्यातून अशी कळ गेली की तोंडातून 'आई गं!' निघालंच, आणि चांगलं मोठ्यानं.

दोन माना वळल्या. छत्री उंच धरलेल्या गाईडच्या मागून आपल्याच लोकांचा एक गट चालला होता. त्यातल्या एक काकू थबकल्या. 'अगं बाई, पडली वाटतं ती,' म्हणाल्या, स्वच्छ मराठीत. शेजारचे काका म्हणाले, 'चल, चल, घड्याळ चुकेल.' गेले सगळे. जुन्या शहराच्या चौकातल्या घड्याळाच्या खिडक्यांमधून दर तासाला बारा प्रेषितांच्या मूर्ती फिरतात, ते बघायला जायचं होतं त्यांना. ते घड्याळ 1410 सालचं आहे. पुढच्या तासालाही ते वाजणारच होतं. मला त्यांच्याकडून डॉक्टर नको होता, गाडी नको होती. एक हात दिला असता तरी मी उठून बाजूला झाले असते. हे अजून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहून टाकलं.

तुम्ही खालून चढ चढत येत होतात. हातात कापडी पिशवी, तिच्यातून कांद्याची पात बाहेर आलेली. तुम्ही झेकमध्ये काही विचारलंत, मला कळलं नाही. मग जर्मनमध्ये विचारलंत. शाळेत कधीकाळी शिकलेलं असावं, शब्द आठवत आठवत बोलत होतात. मी कोण, कुठली, एकटी कशी, यातलं काही नाही. फक्त 'कुठे दुखतंय?'

मला धरून एका घराच्या पायरीवर बसवलंत आणि त्याच ओल्या पायरीवर स्वतःही बसलात. माझ्या बुटाची नाडी सोडलीत. टाच एका हातात धरून बूट इतका हळू काढलात की मला कळलंही नाही तो कधी निघाला. आणि मग माझा पाय, चिखलानं माखलेल्या मोज्यासकट, उचलून मांडीवर घेतलात. तुमच्या त्या फिकट तपकिरी, नीट इस्त्री केलेल्या कोटावर.

आजी, आमच्याकडे मोठ्या माणसाला चुकून पाय लागला तरी आपण वाकून नमस्कार करतो. लहानपणी झोपेत माझा पाय आजोबांना लागायचा, तर सकाळी उठल्यावर आई आधी त्यांच्या पाया पडायला लावायची. आणि इथे माझ्या आजीपेक्षाही थकलेली एक बाई माझा पाय मांडीवर घेऊन बसली होती. मी ओशाळून पाय मागे घ्यायला गेले. तुम्ही नडगी घट्ट धरलीत आणि म्हणालात, 'हलू नकोस. वर राहू दे, सूज कमी येईल.' मी त्या क्षणी रडले ते घोट्यामुळे नव्हे.

मला बोलतं ठेवायला तुम्ही शेजारच्या घराकडे बोट दाखवलंत. दारावर तीन व्हायोलिन कोरलेली. राणी मारिया तेरेसाच्या काळात, 1770 साली घरांना नंबर मिळाले, त्याआधी लोक अशा खुणांवरूनच घर शोधत, तिथे व्हायोलिन बनवणारी माणसं राहत, वर गेलं की दोन सूर्यांचं घर आहे, हे सगळं सांगत एकीकडे तुमचा अंगठा माझ्या घोट्याभोवती फिरत होता. किल्ल्यावर मी काय काय पाहिलं, ते आता सलग आठवत नाही. ती तीन व्हायोलिन मात्र डोळे मिटले तरी दिसतात.

मग बावीस नंबरची ट्राम. तुम्हाला बघून एक मुलगा तत्परतेनं उठला. त्याच्या जागेवर तुम्ही मला बसवलंत आणि स्वतः दांडा धरून उभ्या राहिलात. तो मुलगा गोंधळला, मग त्यानं तुमची पिशवी धरली. रुग्णालयातलं फारसं सांगण्यासारखं नाही. हाड शाबूत होतं, अस्थिबंध दुखावले होते. तिथल्या सगळ्यांनी नीट वागवलं.

थांबलात मात्र तुम्ही शेवटपर्यंत. बाकावर बसून पिशवीतला रोहलीक, म्हणजे तुमच्याकडचा लांबट पाव, मोडलात आणि मोठा तुकडा मला दिलात. कुठे राहतेस, विचारलंत. ड्रेस्डेन म्हटल्यावर म्हणालात, 'म्हणजे आमचंच पाणी तुमच्याकडे येतं.' प्रागची व्ल्तावा नदी मेल्निकला लाबे नदीला मिळते आणि तीच लाबे पुढे आमची एल्ब होते. मग तुम्ही 2002 च्या ऑगस्टबद्दल बोलायला लागलात. नदीतल्या कांपा बेटावरचं तुमचं घर पाण्यात होतं. मेट्रोत पाणी शिरलं, काही स्थानकं कित्येक महिने बंद राहिली. तुमच्यानंतर काही दिवसांत तेच पाणी ड्रेस्डेनमध्ये 9 मीटर 40 सेंटिमीटरपर्यंत चढलं. आमच्या शहरात त्या पुराच्या खुणा भिंतींवर आहेत, मी रोज त्यांच्यासमोरून जाते.

मी सांगलीची आहे, हे तेव्हा सांगितलं. आमच्याकडे हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते, 2019 च्या ऑगस्टमध्ये गावभागातल्या आमच्या घरात पाणी शिरलं, मी अकरावीत होते. आजीला पाठीवर घेऊन होडीत बसवणारा मुलगा कोण होता, हे आम्हाला अजून माहीत नाही. तुम्ही मान हलवत राहिलात. म्हणालात, 'तेव्हा कोण कुणाला नाव विचारतं?' चिखल उपसायला तुमच्याकडेही अशीच अनोळखी पोरं आली होती म्हणे, फावडी घेऊन.

तिकडची माणसं कोरडी, कुणी कुणाचं नसतं, जपून राहा, असं मला निघताना किती जणांनी सांगितलं होतं! सांगणाऱ्यांना माझी काळजी होती, कबूल. पण आता कुणी असं म्हणालं की मी गप्प बसत नाही, तुमची गोष्ट सांगते. चांगुलपणा एखाद्या देशाचा किंवा भाषेचा नसतो. तो त्या त्या माणसाचा असतो, आणि बहुतेक वेळा ज्याला घाई नसते त्याच्याकडे सापडतो. त्या ट्राममधल्या मुलाकडे होता. आमच्या होडीवाल्याकडे होता.

हॉस्टेलच्या काउंटरवरच्या मुलाकडे नव्हता. माझी सॅक चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, पायाला पट्टी. तरी तो म्हणाला, पाहुण्यांचं सामान आम्ही आणत नाही, नियम आहे. तुम्ही काउंटरवर पिशवी ठेवलीत आणि झेकमध्ये काय बोललात देव जाणे, आवाज जराही चढवला नाहीत. तो कान लाल करून जिना चढला. सॅक घेऊन आला तेव्हा त्यानं दारही उघडून धरलं.

स्टेशनवर गाडीपाशी मी तुमच्या पाया पडायला वाकले. तुम्हाला वाटलं, मी पुन्हा पडतेय. दोन्ही खांद्यांना धरून उभं केलंत. मलाही समजावून सांगायला जर्मन शब्द सुचेनात, तेवढ्यात शिट्टी झाली.

पाय आता बरा आहे. जिने चढते, सायकल चालवते. आईला फोनवर सगळं सांगितलं, तेव्हा ती बराच वेळ काही बोललीच नाही. नंतर म्हणाली, 'त्यांचा कोट धुवून तरी द्यायचास गं.' मे महिन्यात आई-बाबा येणार आहेत. त्यांना घेऊन मी प्रागला येईन, नेरुदोवानं वरपासून खालपर्यंत चालेन, आणि तुम्ही भेटलात तर पिशवी आम्ही उचलू. आईनं तुमच्यासाठी इरकली साडीच्या कापडाची गोधडी शिवायला घेतली आहे. नाही म्हणू नका.

तुमची,
ड्रेस्डेनला शिकणारी सांगलीची मुलगी