शब्द टाकायला कुणीतरी हवं

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन तीनच आठवडे झालेत, म्हणून अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे. तरी बाबा, तुम्हीच तिला वाचून दाखवा. मधलं काही गाळू नका, काही मजकूर खास तिच्यासाठी आहे.

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "तुमच्या केंद्रातून शिकून गेलेल्या किती मुलांना काम लागलं?" मी आकडा सांगितला. लगेच तुमचा पुढचा प्रश्न आला, "आणि तुमच्याकडे आले नसते, तरी त्यातल्या किती जणांना लागलंच असतं?" मला उत्तर देता आलं नाही. मी आईच्या औषधांकडे विषय वळवला. तेव्हापासून तो प्रश्न डोक्यातून गेलेला नाही, म्हणून आज सविस्तर लिहायला बसले आहे.

बाबा, तुम्ही नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. जागतिक बँकेतले अर्थतज्ज्ञ डेव्हिड मॅकेन्झी यांनी २०१७ मध्ये विकसनशील देशांतल्या, तरुणांना काम शिकवणाऱ्या अशा उपक्रमांचे अभ्यास एकत्र तपासले. शिकलेल्यांची तुलना त्यांच्यासारख्याच, पण न शिकलेल्या तरुणांशी केलेले अभ्यास होते ते, म्हणजे तुमचाच प्रश्न. उत्तर असं निघालं की शंभर जणांना प्रशिक्षण देऊ केलं, तर एरवी मिळालं नसतं असं काम मिळालेले तिघांहूनही कमी. चांगली चाललेली नोकरी सोडून मी या कामात आले त्याच्या दुसऱ्या वर्षी हे माझ्या वाचनात आलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही, कारण तुम्ही म्हणाला असतात, परत ये. आणि कदाचित मी आलेही असते.

पण मग वर्गात उभं राहिल्यावर रोज डोळ्यांना दिसतं ते वेगळंच असतं. एका मुलाबद्दल सांगते. नाव लिहीत नाही, त्याला ते आवडणार नाही. अनाथालयात वाढला, अठरा पूर्ण झाल्यावर तिथून बाहेर पडावं लागलं. आमच्याकडे एसी-फ्रिज दुरुस्तीला आला तेव्हा मान वर करून बोलत नव्हता. एक दिवस तांब्याच्या नळीचा जोड करायचा होता. त्यानं नळी कापली, कापलेल्या तोंडाची बर, म्हणजे धारदार कडा, हलक्या हातानं काढली, नट आधी ओवून घेतला (हे निम्मी मुलं विसरतात आणि मग सगळं पुन्हा करावं लागतं), फ्लेअर मारला, म्हणजे नळीचं तोंड नरसाळ्यासारखं पसरवलं, आणि दोन पाने (स्पॅनर) लावून नट आवळला. नायट्रोजनचा दाब देऊन जोडावर साबणाचं पाणी लावलं. नटाच्या कडेला एक बुडबुडा आला, मोहरीएवढा. मी काही बोलायच्या आत त्यानं दाब सोडला, तेवढा तुकडा कापून टाकला आणि सगळं पहिल्यापासून केलं. या वेळी बुडबुडा आला नाही. तरी तो बराच वेळ तिथेच वाकून बघत होता. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन त्यानं दाबाचं गेज पाहिलं. काटा होता तिथेच होता. तेव्हा त्याला पहिल्यांदा हसताना पाहिलं.

सांगायचं म्हणजे, हात शिकतो, आणि तो शिकवता येतो. पाच-सहा महिन्यांत हा मुलगा कुठेही उभा करावा असा झाला.

आणि मग मुलाखतीला गेला. तिथे त्याला पहिलाच प्रश्न, "कुणाच्या ओळखीनं आलास?" हा म्हणाला, "कुणाच्याच नाही." "बरं, कळवतो." त्याच्या हातात पाना कुणी दिलाच नाही.

बाबा, माझी पहिली नोकरी आठवते? तुमच्या ऑफिसच्या कामानिमित्त वर्षातून एकदा-दोनदा भेटणारे एक गृहस्थ होते. तुम्ही त्यांच्याकडे सहज विषय काढलात, "मुलगी इंजिनिअर झाली, कुठे असलं तर बघा." आठ दिवसांत मला बोलावणं आलं. परीक्षा झाली, मुलाखत झाली, त्यात मी पास झाले, ते सगळं खरंच. पण दार उघडलं होतं ते तुमच्या त्या एका वाक्यानं. कित्येक वर्षं मी मनाशी धरून होते की ती नोकरी मला निव्वळ मार्कांवर मिळाली.

मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञानं याच गोष्टीचा अभ्यास केला होता. अमेरिकेत, बोस्टनजवळ, नोकरी बदललेल्या लोकांना त्यानं विचारलं की ओळखीतून काम मिळालं असेल, तर ते माणूस तुम्हाला किती वेळा भेटायचं? १९७३ मध्ये छापून आलेलं उत्तर पाहा. वरचेवर भेटणाऱ्या माणसाकडून काम कळलेले सहातला एक. निम्म्याहून जास्त जणांना ते अधूनमधून भेटणाऱ्यानं सांगितलं होतं, आणि उरलेल्यांना क्वचितच भेटणाऱ्यानं. कारण उघड आहे. जवळच्या माणसांना आपल्याला माहीत असतं तेवढंच माहीत असतं. नवी बातमी येते ती लांबच्या ओळखीकडून. आमच्या मुलांना जिवाला जीव देणारे मित्र आहेत, पण तेही कामाच्या शोधातच फिरताहेत. वर्षातून दोनदा भेटणारा, आपलं नाव ऐकून फोन उचलणारा माणूस त्यांना नाही. बापच नसला, किंवा बापानं जन्मभर रोजंदारी केलेली असली, तर असा माणूस यायचा कुठून?

त्यातून नावाची भानगड वेगळीच. बोस्टन आणि शिकागोत २००१-०२ मध्ये सारख्याच पात्रतेचे अर्ज फक्त नावं बदलून पाठवले होते. गोऱ्या वाटणाऱ्या नावाला दहा अर्जांमागे एक बोलावणं आलं, काळ्या वाटणाऱ्या नावाला पंधरा अर्जांमागे एक. आपल्याकडे सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी तसाच प्रयोग आडनावांवर केला, तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. पात्रता तीच, आडनाव दलित, की बोलावणं येण्याची शक्यता बरीच कमी. हे वाचल्यापासून मी मुलांना "मेहनत कर, सगळं होईल" असं म्हणायचं बंद केलं. ते खोटं आहे आणि त्यांना ते आपल्या आधी कळलेलं असतं.

मग उपाय काय? इथिओपियाच्या राजधानीत, अदिस अबाबात, एक प्रयोग झाला. काही तरुणांना काम शोधायला शहराच्या मध्यभागी जाण्याचं बसभाडं दिलं. दुसऱ्या काही जणांना अर्ज कसा करायचा, मुलाखतीत कसं बोलायचं ते शिकवलं आणि त्यांची चाचणी घेऊन, याला काय काय येतं याचं प्रमाणपत्र दिलं. बसभाड्याचा परिणाम काही काळानं विरून गेला. दुसऱ्या गटाची कमाई मात्र चार वर्षांनंतरही वाढलेली होती. मला यातून एवढंच दिसतं की अनोळखी मालकाला कुणीतरी खात्रीचं सांगावं लागतं, "याला हे येतं, मी पाहिलंय." तुम्ही माझ्यासाठी बोललात, तेच कागदावर. तेव्हापासून आम्ही कोर्स पूर्ण केल्याचा नुसता दाखला देत नाही. त्यानं काय काय केलं, किती वेळा केलं, कुणी तपासलं हे लिहून देतो. आणि मालकाला केंद्रात बोलावतो, मुलांना समोर काम करताना बघा म्हणून. त्या मुलाचा जोड एका मालकानं स्वतः साबणाचं पाणी लावून तपासला आणि जाताना विचारलं, "हा कधीपासून येईल?"

आता माझी चूक सांगते. पहिल्या तुकडीतल्या अकरा जणांना काम लागलं आणि दोन महिन्यांत सात जण सोडून आले. मी तेव्हा फोनवर आईजवळ चिडून म्हटलं होतं, "यांच्यात चिकाटीच नाही गं." आई, तू तेव्हा विचारलंस, "तू जाऊन विचारलंस का त्यांना?" मी विचारलं नव्हतं. मग एकेकाला भेटले. एकाचा पहिला पगार दुसऱ्या महिन्याच्या अखेरीला मिळणार होता आणि तोवर जायच्या-यायच्या पैशांची सोयच नव्हती. एका मुलीला कामाच्या जागी बायकांसाठी स्वच्छतागृह नव्हतं, ती दिवसभर पाणी न पिता काम करायची आणि आजारी पडली. एकाला पोलीस ठाण्यात हजेरीला जायचं होतं, पण कारण सांगायची लाज वाटली, म्हणून न सांगता गैरहजर राहिला. आणि एकजण साहेब ओरडले म्हणून दुसऱ्या दिवशी गेलाच नाही. आपल्याला साहेब ओरडला तर आपण घरी येऊन दोन शब्द बोलतो, कुणीतरी समजूत काढतं, सकाळी पुन्हा जातो. ज्याला लहानपणापासून "तुझ्यानं काही होणार नाही" एवढंच ऐकवलंय, त्याला ते ओरडणं म्हणजे शेवटचा निकाल वाटतो. सातांपैकी एकालाही काम येत नव्हतं म्हणून काढलं नव्हतं.

तेव्हापासून माझं निम्मं काम मुलाला नोकरी लागल्यावर सुरू होतं. पहिल्या आठवड्यात रोज संध्याकाळी फोन. पगार हातात येईपर्यंत प्रवासखर्चाची उचल. आणि मालकाशी आधीच बोलून ठेवते की याला एका जुन्या कारागिराच्या हाताखाली द्या, चुकलं तर तो सांगेल. जर्मनीत हे १९६९ च्या कायद्यानंच बांधून दिलेलं आहे. तिथे शिकाऊ मुलं आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीत आणि एक-दोन दिवस शाळेत असतात, आणि कंपनीत त्यांना शिकवायला ठरलेला माणूस असतो. आमच्याकडे कायदा नाही हाताशी, फोन आहे.

आई, आता तुझ्यासाठी. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या हिशेबानं २०२३ मध्ये जगातल्या १५ ते २४ वयाच्या पाचातला एक तरुण शिकतही नव्हता आणि काम किंवा प्रशिक्षणातही नव्हता. अशा तिघांमध्ये दोन मुली. तुला याचं नवल वाटणार नाही. मला सांभाळायला तू नोकरी सोडलीस आणि पुन्हा जायचं म्हटलंस तेव्हा "आता कशाला" म्हणणारेच जास्त होते. आमच्या वर्गात एक मुलगी आहे, तिला दोन वर्षांची लेक आहे. पहिले दोन महिने ती निम्मे दिवस यायचीच नाही. मला वाटलं, रस नाही. निघालं असं की लेकीला ठेवायला कुणी नाही. कोलंबियात २००१ ते २००५ मध्ये गरीब तरुणांसाठी एक सरकारी योजना होती. तीन महिने वर्ग, तीन महिने प्रत्यक्ष कंपनीत काम, रोजचा भत्ता, आणि ज्यांना लहान मूल आहे त्या बायांना तो भत्ता थोडा जास्त. त्यातल्या एका तुकडीची निवड चिठ्ठ्या टाकून केली होती, म्हणून तुलना चोख झाली. त्या योजनेत मुलींची कमाई जवळजवळ पाचव्या हिश्शानं वाढली, मुलग्यांना तेवढा फायदा दिसला नाही. मॅकेन्झींचा तो आकडा मनात टोचतो तेव्हा मी हे आठवते. आम्ही वर्गाच्या मागच्या खोलीत सतरंजी टाकली आणि लहान मुलांकडे बघायला एका बाईंना नेमलं. गेल्या महिन्यात ती मुलगी एकही दिवस चुकली नाही. एकदा वायरिंग करता करता मागच्या खोलीतून लेकीचा आवाज आला, तशी ही उठली नाही, नुसती कान देऊन हसली आणि पुढचा स्क्रू घट्ट केला.

तर बाबा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं. आम्ही फक्त शिकवून सोडून दिलं असतं, तर फरक फार थोडा पडला असता. शब्द टाकणारं आणि नंतर मागे उभं राहणारं कुणी असलं तर जास्त पडतो, असं मला गेल्या तीन तुकड्यांत दिसलं. माझा आकडा लहान आहे, त्याच्यावर कुणी अभ्यास केलेला नाही, हे मला ठाऊक आहे.

आता तुमच्याकडे मागणं आहे. निवृत्त झाल्यावर तुमची जुनी डायरी कपाटात ठेवलीत, ती काढा. त्यात वर्षातून दोनदा भेटणारी माणसं भरपूर आहेत. दर आठवड्याला एकाला फोन करा. नोकरी मागू नका. "मुलीच्या केंद्रात येऊन एक तास मुलांचं काम बघ," एवढंच सांगा. गुडघ्यांमुळे तुम्हाला बाहेर पडता येत नाही याचं तुम्हाला वाईट वाटतं, पण हे काम खुर्चीत बसून होतं.

आणि एक. त्या मुलाला काम लागलं. काल रुजू होण्याचा फॉर्म भरायला माझ्याकडे घेऊन आला. सगळं स्वच्छ अक्षरात भरलं होतं. "तातडीच्या वेळी संपर्क" या रकान्यात दोन ओळी होत्या, नाव, नातं, नंबर. दोन्ही कोऱ्या. मला म्हणाला, "हे नाही भरलं तर चालेल का?" पहिल्या ओळीत मी माझं नाव घातलं. नात्याच्या जागी काय लिहायचं यावर आम्ही दोघं थोडा वेळ गप्प बसलो, मग त्यानंच "ताई" लिहिलं. दुसरी ओळ अजून मोकळी आहे. तिथे तुमचं नाव आणि घरचा नंबर घालू का? कधी फोन आलाच, तर एवढंच म्हणायचं की हो, ओळखतो आम्ही त्याला. मी त्याला तुमच्याकडे भेटायला घेऊन येईन, म्हणजे ते खरंही होईल.

फॉर्म सोमवारी द्यायचा आहे. तोवर फोन करून सांगा. आईला ड्रॉप वेळेवर घाला.

तुमची,
लेक